पहिल्यांदाच घरी गाडी रंगवताय? एनसी की पीयू

वॉटरपेपर (ठाणे पश्चिम)
एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग, पातळ करायचा थिनर उडाला की वाळणारा. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हार्डनर (कडक करणारं दुसरं द्रावण) मिसळून मारायचा. काल एकाने इथे ठोकून दिलं: "पहिल्याच गाडीला थेट पीयू मारा, चमकीचा मेटॅलिक बेस आणि वर पारदर्शक क्लिअर. एनसी म्हणजे पैसे पाण्यात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका रविवारी काम होतं."

एका रविवारी? खड्ड्यांत भरलेली पुट्टी ८० नंबरच्या सँडपेपरने उतरवा, मग १८०, ३२०, त्यावर सरफेसर (रंगाआधीचा सपाट करणारा थर), तो वाळला की ६०० ने ओला घासा. रंगाचा डबा उघडायच्या आतच तो रविवार संपतो. पुट्टी मात्र कोरडीच घासा. ती पाणी पिते आणि महिन्याभरात वरचा रंग फुगतो.

त्यात मेटॅलिक! नव्या माणसाचा हात एका वेगाने चालत नाही. चमकी कुठे दाट, कुठे विरळ बसते आणि बॉनेटवर ढग उमटतात. क्लिअरने ते झाकत नाहीत, उलट उठून दिसतात. एनसीत चूक निस्तरता येते. ओघळ आला तर वाळू द्या, ८०० ने उतरवा, परत मारा. नवा थर जुन्याला किंचित विरघळवून धरतो. हार्डनर नाही, त्यामुळे उरलेला रंगही फुकट जात नाही.

खाडीवारा (ऐरोली)
निस्तरता येते, कारण तो रंग कधी पक्का होतच नाही! पेट्रोल भरताना चार थेंब सांडले की झाकणाखाली मऊ पडतो. उन्हात राहिला की पावडर सुटते, मग दर दोन-चार महिन्यांनी पॉलिश मारत बसा. आणि जून ते सप्टेंबर एनसी मारून बघाच. थिनर झपाट्याने उडतो, पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि सगळं पांढुरकं. रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रावण) घालून थोडं सावरतं, पण भर पावसात तेही नाही.

मेटॅलिक नको, हे मान्य. पण पीयू म्हणजे फक्त मेटॅलिक नव्हे. साधा पांढरा किंवा लाल, सिंगल स्टेज घ्या, म्हणजे वर क्लिअर लागत नाही. फवारणीच्या गनला १.३ किंवा १.४ मिमीचा नोझल, गन पत्र्यापासून वीतभर, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवायची. दोन-तीन थर, मध्ये १०-१५ मिनिटं. ओघळ पूर्ण कडक झाल्यावर १५००, मग २००० ने उतरवा आणि चमक आणणारं कंपाउंड मारा.

वॉटरपेपर
आणि पीयूच्या हार्डनरला दमट हवा मानवते का? तो पाण्याशी लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगात बारीक फोड येतात. डबा एकदा उघडला की उरलेला हार्डनर गढूळ होतो. कॉम्प्रेसरला हवेतलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर किती जण लावतात?

खाडीवारा
म्हणून तर डिसेंबर-जानेवारीत रंगवायचं. पावसाळ्यात पीयू मारा असं मी कुठे म्हटलंय?

फिल्टरवाला (खारघर)
चकाकीवर भांडताय आणि मास्कचं नाव कुणी काढत नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. कार्बन काडतुसाचा मास्क बरा, पण काडतूस संपलंय हे नाकाला कळत नाही, कारण वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. एकदा शरीराने धसका घेतला की नंतर थोड्याशा वाफेनेही दमा उठतो, तो आयुष्यभर. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मास्क हवा. शिवाय डोळे झाकायचे, हात झाकायचे.

खाडीवारा
आणि एनसीचा थिनर म्हणजे गुलाबपाणी का? त्याची वाफ जमिनीलगत साचते. बेसमेंटमध्ये साध्या पंख्याची एक ठिणगी पुरते.

बी विंग (वाशी)
बेसमेंट कशाला म्हणताय, तिथे गन काढायचीच कशाला? दुचाकी धुतली तर सोसायटी नोटीस लावते, आणि इथे लोक कॉम्प्रेसर लावायला निघालेत! एनसीचा उडालेला फवारा हवेतच बराचसा वाळतो, पुसला की निघतो. पीयूचा ओलाच शेजारच्या काचेवर बसतो आणि तिथे कडक होतो. मग क्ले बार (चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी) घेऊन तुमचा रविवार शेजारच्याच्या गाडीवर.

वॉटरपेपर
सोसायटीचं रडगाणं दुसरीकडे गा हो. गाडीवर आधी काय आहे, हे कुणीच विचारलं नाही. थिनरमध्ये भिजवलेला कापूस जुन्या रंगावर चोळा. रंग कापसाला लागला तर एनसी. सुरकुतला तर इनॅमल (तेलरंग), त्यावर एनसी मारलात तर पुन्हा सुरकुतणार. काहीच झालं नाही तर कंपनीचा रंग किंवा पीयू. घासून सरफेसर मारा, वर कुठलाही रंग चालेल. जुन्या एनसीवर थेट पीयू मारलात तर खालचा रंग उचलला जातो. पत्र्यापर्यंत उतरवा, नाहीतर दोन्ही रंग अलग ठेवायला मध्ये इपॉक्सी प्रायमर.

खाडीवारा
चला, शेवटी कामाचं बोललात. मग मीही बोलतो: घरगुती १ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला ३-४ घनफूट हवा देतो, मोठ्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागते. अर्ध्या बॉनेटवर दाब बसला की फवारा जाड पडणार, मग रंग एनसी असो की पीयू. छोटी गन घ्या, एका वेळी एकच दरवाजा.

फिल्टरवाला
आणि हवेचा मास्क नसेल तर?

खाडीवारा
तर एनसी मारा. तोही उघड्यावर, काडतुसाचा मास्क लावून. खूश? पण पेट्रोलच्या झाकणाचा तुकडा मात्र बाहेर पेंटरकडून पीयूत करून घ्या.

बी विंग
आणि रंग बदलणार असाल तर आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करा. ते तर कुणी बोललंच नाही.