काळ्या जमिनीत लॉन कशाला?

घरामागच्या पडीक जागेत काय लावावं, असं कुणी विचारलं की लॉन आणि कडेने कोनोकार्पस (शोभेचं परदेशी झाड) लावा, असं बरेच जण सुचवतात. कोनोकार्पस तर नकोच. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि लॉन? आपल्याकडे मे महिन्यात प्यायच्या पाण्याची मारामार, गवताला कोण पाणी घालणार! त्यापेक्षा मारवेल हे आपलं गवत वाढू द्या. उन्हाळ्यात वाळतं, पण पाऊस पडला की बुडख्यातून फुटतं, अन् गुरांनाही चालतं.

खरी अडचण काळ्या जमिनीची. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून मुळं तुटतात. म्हणून पाणी थांबतं तिथे बाभूळ, करंज, पळस लावा; कडुनिंब मात्र उंचवट्यावरच. पळसाचं बी ताजंच, जूनमध्ये थेट जागेवर टोबा. बहाव्याचं बी मात्र दगडावर घासून रात्रभर भिजवा, नाहीतर तसंच पडून राहतं.

झाडाच्या आळ्यात सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं पसरा, खोडापासून जरा दूर, नाहीतर वाळवी लागते. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) टाका. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) नकोत, त्यात कपाशीवरची गुलाबी बोंडअळी दडून राहते.