पीएसए एकच्या आत, तरी यकृतात गाठी: न्यूरोएंडोक्राइन रिपोर्टबद्दल मदत हवी आहे

मंडळी, काका ७१ वर्षांचे, सांगलीला असतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला, म्हणून हार्मोन दाबायचं इंजेक्शन आणि ॲबिराटेरोन (त्याच कामाची गोळी) बरीच वर्षं चालू आहे. पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन, रक्तात मोजतात) ०.८, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त. पण हल्ली जेवण तुटलं, वजन उतरलं, आणि सीटीत यकृतात गाठी निघाल्या. तिथल्या बायोप्सीत सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन (न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे मज्जापेशी आणि हार्मोनपेशी दोन्हींसारख्या पेशींच्या खुणा) पॉझिटिव्ह, केआय-६७ (किती पेशी वाढीला लागल्यात त्याचा आकडा) ८० टक्के, शेवटी 'स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा', म्हणजे अशा पेशींचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर.

काकू म्हणतात, पीएसए कमी आहे म्हणजे हा दुसराच कुठला तरी आजार. प्रोस्टेटच्या पहिल्या रिपोर्टातही 'तुरळक न्यूरोएंडोक्राइन पेशी' असा शेरा होता. तेव्हाच काही करायला हवं होतं का? सोमवारी ऑन्कॉलॉजिस्टना काय विचारू?

प्रतिसाद: पॅथॉलॉजीत काम करते, त्या बाजूने सांगते. तो जुना शेरा डोक्यातून काढा. अशा विखुरलेल्या पेशी निरोगी प्रोस्टेटमध्येही असतात. ॲडिनोकार्सिनोमात, म्हणजे प्रोस्टेटच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, थोड्या दिसल्या म्हणून उपचार बदलत नाहीत.

आताचं प्रकरण वेगळं आहे. हार्मोन वर्षानुवर्षं दाबून ठेवल्यावर काही वेळा कॅन्सरच्या पेशी रूपच बदलतात. मग त्यांना टेस्टोस्टेरॉन लागत नाही आणि त्या पीएसएही फारसं बनवत नाहीत. म्हणून आकडा खाली आणि रोग वर. अशा वेळी कमी पीएसएवर विसंबू नका.

काकूंची शंका मात्र अगदीच चुकीची नाही. स्मॉल सेल फुप्फुसातूनही येतो, आणि टीटीएफ-१ ही फुप्फुसाची समजली जाणारी खूण प्रोस्टेटच्या स्मॉल सेलमध्येही पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर निकाल लागत नाही. छातीचा सीटी झालाय का आणि ईआरजी जीनची फेरजुळणी (प्रोस्टेट कॅन्सरमध्ये दिसणारा जीनमधला बदल) तपासता येईल का, ते विचारा. ती सापडली तर मूळ प्रोस्टेटचंच. नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही. पेट स्कॅन सांगितला तर एफडीजीचा (साखर खाणाऱ्या पेशी दाखवणारा) की पीएसएमएचा (प्रोस्टेटच्या पेशींवरचं प्रथिन शोधणारा), हेही विचारा. या पेशी पीएसएमएवर निसटू शकतात.

केमो बहुधा कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन, जोडीला इटोपोसाइड. गाठी बऱ्याचदा लवकर आकसतात, पण परिणाम फार काळ टिकत नाही. तारीख पुढे ढकलू नका. बायोप्सीचे मूळ ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड आत्ताच मागून ठेवा, ऐनवेळी फार धावपळ होते.

आणि हो, काका ॲसिडिटीची गोळी घेतात का? रक्तातलं क्रोमोग्रॅनिन तिच्यामुळेही वाढतं.

धागाकर्ता: पँटोप्राझोल रोज सकाळी! क्रोमोग्रॅनिनचं रक्त उद्याच द्यायचंय. डॉक्टरांना फोन करून विचारतो. सीटी फक्त पोटाचा झालाय.