मदत हवी: रात्री बॅकअप लागला की व्हीएम बंद पडतं

रावपुराकर: रावपुऱ्यात आमचं सीए ऑफिस. रात्री बॅकअप लागला की विंडोजचं व्हीएम (सर्व्हरमधलं आभासी मशीन) बंद. सकाळी मुलं येऊन बसतात, लॉगिन नाही. रिटर्नचे दिवस, साहेब डोक्यावर. कॅशे लिमिट टाकून झालं, उपयोग शून्य. लवकर सांगा.

निवांत: कुठली कॅशे? रॅम किती? फाइल सिस्टिम? आम्ही काय कुंडली मांडायची?

रावपुराकर: प्रॉक्समॉक्स हो, त्यावरच व्हीएम चालतात. रॅम ३२ जीबी.

तात्या_बडोदे: ६४ करा, विषय संपला. आमच्याकडे केली, तेव्हापासून शांतता.

निवांत: तात्या, फाइल सिस्टिम झेडएफएस असेल तर मर्यादा न घालता त्यातलीही निम्मी तरी कॅशेत खाईल. रावपुराकर, डीमेसेज (सिस्टिमचा लॉग) काय म्हणतं?

रावपुराकर: झेडएफएसच. ४ टीबीचा मिरर. ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’, पुढे केव्हीएम, म्हणजे व्हीएमचीच प्रोसेस. दोन व्हीएमना १२ आणि ६ जीबी दिलेत.

निवांत: १८ ते आणि बॅकअपच्या वाचनाने फुगलेली आर्क (झेडएफएसची रॅममधली कॅशे) १६ पर्यंत. ३२ मध्ये बसणार कसं?

मांजलपूरवाला: आर्क ही कॅशे आहे, गरज पडली की जागा सोडते. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. स्वॅपिनेस (रॅममधलं डिस्कवर हलवायची घाई) १० करा.

निवांत: सोडते, पण वेळेत सोडेलच असं नाही. शिवाय रॅम दाखवणारी ‘फ्री’ कमांड तिला बफ-कॅशेच्या रकान्यात न दाखवता यूज्डमध्ये दाखवते, आणि लोक व्हीएमच्या नावाने बोटं मोडतात. लिमिटची ओळ चिकटवा.

रावपुराकर: ऑप्शन्स झेडएफएस झेडएफएस_आर्क_मॅक्स=८१९२

निवांत: अहो, हा आकडा बाइटमध्ये लागतो! ६४ एमबीच्या खालचं काही टाकलं तर ते धरतच नाही, पुन्हा मूळची मर्यादा. प्रॉक्समॉक्सचा ठोकताळा २ जीबी अधिक दर टीबीला १, म्हणजे तुमचे ६ जीबी, बाइटमध्ये ६४४२४५०९४४. रूट (सिस्टिमची मूळ डिस्क) झेडएफएसवर असेल तर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा, म्हणजे बूटच्या वेळी नवा आकडा वाचला जाईल, मग रीबूट. चालू मशीनवर आकडा उतरवला तरी भरलेली आर्क लगेच आटत नाही.

तात्या_बडोदे: प्रॉक्समॉक्स ८.१ पासून इन्स्टॉलरच आर्कला रॅमच्या १० टक्क्यांची मर्यादा लावतो. अपग्रेड करा.

निवांत: ते नव्या इन्स्टॉलला. अपग्रेडने जुन्या मशीनची मर्यादा बदलत नाही.

शेवउसळ_प्रेमी: रावपुऱ्यात ऑफिस म्हणता, गाडी कुठे लावता? मी दोन फेऱ्या मारून परत येतो.

मांजलपूरवाला: डीडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) मात्र चालू करू नका, रॅम गिळतं.

रावपुराकर: डीडुपचं कोण बोललं? आत्ता सगळे बसलेत, रात्री रीबूट करतो. लागलं की नाही ते कुठे कळेल?

निवांत: आर्क_समरी कमांड चालवा, त्यात ‘मॅक्स साइझ’ची ओळ. ६ दिसायला हवं. अजून १६च्या आसपास दिसलं तर इनिटरॅमएफएस राहिलंय.

तात्या_बडोदे: आणि रॅम ६४.