विकर 'खर्च' होतो का? आणि 'मरतो' का?

मुलगी नववीत आहे, तिने वहीत लिहिलंय 'पचनात विकर खर्च होतात'. मला खटकलं पण नेमकं का ते सांगता येईना. आणि विकर हा शब्द आला कुठून? आमच्याकडच्या एका जुन्या पुस्तकात वितंचक आहे, ते हेच ना?

– हो, दोन्ही म्हणजे एन्झाइमच, सजीवांतल्या रासायनिक क्रिया भराभर घडवणारं प्रथिन. वितंचक मला फार आवडतो कारण संस्कृतात तञ्च् म्हणजे गोठणं आणि आतञ्चन म्हणजे आपलं विरजण, आणि गंमत बघा, 1870च्या दशकात विल्हेल्म क्यून या जर्मन शास्त्रज्ञाने एन्झाइम हा शब्द काढला तोही ग्रीकमधल्या 'खमिरात' या अर्थावरूनच. पण बोलताना विकरच सुटसुटीत. 'खर्च' मात्र चूक. बटाट्याची कच्ची चकती हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाका, कडेने पांढरा फेस चढतो, तो ऑक्सिजन. फेस बसला की तीच चकती ताज्या पेरॉक्साइडमध्ये टाका, परत फसफसते. संपलं ते पेरॉक्साइड, बटाट्यातला कॅटलेज हा विकर तसाच आहे.

– आणि उकडलेली टाकली तर ढिम्म. तेव्हा लोक म्हणतात 'विकर मेले', पण तो जिवंत कधी होता? बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1897 मध्ये यीस्ट वाळूबरोबर घोटून रस पिळून काढला, त्यात एकही जिवंत पेशी नाही तरी साखर आंबली. म्हणून 'निकामी झाले' म्हणा, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर जसा पूर्ववत होत नाही तशी विकराच्या प्रथिनाची घडी उष्णतेने कायमची उलगडते.

– बरं मग खर्च नाही तर कोणतं क्रियापद?

– 'गुंततो'. मायकेलिस आणि मॉड मेंटेन या संशोधकांनी 1913 मध्ये बर्लिनला साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर हेच मोजलं, द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशाचं प्रतल किती वळतं ते ठराविक वेळाने बघायचं, साखर फुटत गेली की वळण उजवीकडून डावीकडे उलटतं आणि इन्व्हर्टेज नाव त्या उलटण्यावरूनच आलंय. साखर वाढवत नेली तसा वेग आधी भराभर वाढला, मग वाढायचा जवळजवळ थांबला, कारण सगळे विकर गुंतलेले, एक सुटल्याशिवाय पुढच्या साखरेला जागाच नाही.

– 'गुंततो' पटलं. वहीत 'विकर क्रियेपुरते गुंततात व पुन्हा मोकळे होतात' असं करायला सांगते, आणि रविवारी बटाटा करून बघणार, कच्चा आणि उकडलेला दोन्ही.