ओव्हनच्या घड्याळाने वेळ कुणाला विचारायची?

शून्यछेद (धागाकर्ता)

मार्च २०१८ ची बातमी आठवत असेल. स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत २५ देशांत ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि गजराच्या रेडिओंवरची घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली होती. मनगटावरची ठीक, फोनमधली ठीक, फक्त प्लगवर चालणारी मागे. तेव्हापासून एक सल्ला ठरल्यासारखा दिला जातो: विजेच्या फ्रिक्वेन्सीवर (ती सेकंदाला किती हेलकावे घेते त्यावर) चालणारं घड्याळ आता नकोच, क्वार्ट्झ (ठरलेल्या वेगाने कंप पावणारा स्फटिक) बसवा नाहीतर सरळ वाय-फाय द्या. माझं मत नेमकं उलट आहे. त्या प्रकरणातून या जुन्या पद्धतीची बाजू बळकटच झाली.

आधी हिशोब. ही घड्याळं सेकंद मोजत नाहीत, विजेचे हेलकावे मोजतात. ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टेजच्या बाजूकडून एक तार रेझिस्टरमधून मायक्रोकंट्रोलरच्या (यंत्र चालवणाऱ्या चिपच्या) एका पायाला येते. व्होल्टेज शून्य ओलांडून वर गेलं की एक नोंद, ५० नोंदी झाल्या की एक सेकंद. त्या वर्षी जानेवारीच्या मध्यापासून तिथल्या ग्रिडची, म्हणजे या देशांच्या एकत्र जोडलेल्या वीजजाळ्याची, सरासरी फ्रिक्वेन्सी ५० ऐवजी ४९.९९६ हर्ट्झ राहिली. फरक दहा लाखात ८०, म्हणजे दिवसाला ६.९ सेकंद. ५० दिवसांचे झाले ३४५ सेकंद, पावणेसहा मिनिटं.

याच्या मुळाशी होती ११३ गिगावॅट-तास वीज. कोसोव्हो आणि सर्बिया यांच्या भांडणात ती वापरली गेली, पण तेवढी निर्मिती कुणी केली नाही. निर्मिती कमी पडली की जनित्रांचे रोटर कणभर मंदावतात. इतर देशांची केंद्रं आपोआप थोडा भार उचलून घसरण थोपवतात, पण फ्रिक्वेन्सी पुन्हा ५० वर आणून ठेवायचं काम ज्याच्या हद्दीत तूट आहे त्याचं. ते झालं नाही.

आता बातमीच्या शेवटच्या ओळीत जे असतं ते. वीज परत भरली गेली आणि एप्रिलच्या सुरुवातीला तीच घड्याळं, कुणी बोटही न लावता, बरोबर वेळ दाखवू लागली. स्वित्झर्लंडमध्ये लाउफेनबुर्गला ग्रिडची वेळ खऱ्या वेळेशी सतत ताडून पाहिली जाते. फरक २० सेकंदांपुढे गेला की सगळ्या ग्रिडला ५०.०१० किंवा ४९.९९० हर्ट्झचं लक्ष्य दिलं जातं. ५०.०१० वर दिवसाला १७.२८ सेकंद भरून निघतात. चूक कायमची साचूच देत नाही असं दुसरं फुकटचं घड्याळ दाखवा.

दोलक

खर्च दुसऱ्याच्या खात्यात टाकला की सगळंच फुकट दिसतं. ओव्हनच्या कोपऱ्यातले चार आकडे बरोबर दिसावेत म्हणून अख्ख्या खंडाची जनित्रं तीन आठवडे किंचित जोरात फिरवायची, हा उलटा कारभार आहे.

इतिहास थोडा पाहा. हेन्री वॉरन यांनी १९१६ मध्ये बॉस्टनच्या वीजकेंद्रात दोन काट्यांचं घड्याळ लावलं, एक काटा लंबकावर आणि दुसरा विजेवर चालणारा. ऑपरेटरने दोन्ही काटे एकावर एक ठेवायचे. त्या काळी घरात नेमकी वेळ पोचवायला दुसरी स्वस्त वाट नव्हती, म्हणून ते योग्यच होतं. आज ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झ तांदळाच्या दाण्याएवढा येतो. त्याची वारंवारता १५ वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद. साध्यातल्या साध्या क्वार्ट्झची चूक दहा लाखात २० धरा, दिवसाला १.७ सेकंद. आणि ग्रिडवर राजकारण काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

शून्यछेद

दिवसाला १.७ म्हणजे वर्षाला साडेदहा मिनिटं, आणि ती परत करायला कोणी येत नाही. शिवाय ते दहा लाखात २० कुठल्या तापमानाला? २५ अंशांना. या क्वार्ट्झचा आलेख उलट्या वाडग्यासारखा असतो. २५ अंशांपासून जितके दूर जाल त्याच्या वर्गाला ०.०३४ ने गुणा, दहा लाखातली चूक मिळते. गरम करा की गार करा, घड्याळ मागेच पडतं. ओव्हनचं पॅनल चालू असताना ६५ अंशांवर गेलं तर ४० चा वर्ग १६००, गुणिले ०.०३४, म्हणजे ५४. त्या तापमानाला दिवसाला ४.७ सेकंदांची गती कमी. ओव्हन दिवसभर चालत नाही हे मान्य, पण क्वार्ट्झ बसवायला त्या घरातली याहून वाईट जागा सापडणार नाही.

तांबडीपट्टी

दोघांच्या मध्ये एक भर. क्वार्ट्झची घड्याळं बिघडतात त्यात क्वार्ट्झचा दोष कमी आणि त्याच्या शेजारच्या दोन चिमुकल्या कपॅसिटरांचा जास्त. क्वार्ट्झ १२.५ पिकोफॅरडच्या (कपॅसिटरची क्षमता मोजायचं एकक) भारासाठी बनवलेला की ६ च्या, हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. खरेदी विभागाने '३२,७६८ म्हणजे ३२,७६८' म्हणून दुसरा उचलला आणि बोर्डवरचे कपॅसिटर तेच ठेवले, की घड्याळ कायमचं एका बाजूला ओढतं. ६ वाल्यावर १२.५ चा भार पडला तर मागे, उलट केलं तर पुढे. दोन्ही कपॅसिटर एकापाठोपाठ येतात आणि त्यांची मिळून क्षमता निम्मी होते, म्हणून १२.५ हवे असतील तर प्रत्येकी साधारण १८ ते २० लागतात, कारण बोर्डच्या तांब्याचेही दोन-तीन मोजावे लागतात. मेन्सवर (भिंतीतल्या प्लगच्या विजेवर) मोजणाऱ्या बोर्डला ही भानगडच नाही. रिले शून्यापाशी ओढण्यासाठी ती तार बऱ्याच बोर्डांवर आधीपासून आलेली असते.

छप्परपॅनल

धागाकर्त्यांचा मुद्दा ग्रिड जागेवर असेपर्यंत खरा. छतावर सोलर आणि घरात बॅटरी असेल तर वीज गेल्यावर काय होतं ते बघा.

दुपार आहे, बॅटरी भरलेली आहे, घरातला भार कमी आणि सोलर जोरात. ती जादा वीज घालायची कुठे? बॅटरीचा इन्व्हर्टर अशा वेळी मुद्दाम फ्रिक्वेन्सी वाढवतो, कारण सोलर इन्व्हर्टरला 'थांब' सांगायला त्याच्याकडे तीच एक भाषा आहे. युरोपातल्या सेटिंगचे सोलर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झच्या वर उत्पादन कमी करत जातात आणि ५१.५ ला पूर्ण बंद होतात. ओव्हनला यातलं काही माहीत नाही, तो मोजत बसतो. ५१.५ वर घड्याळ तासाला १.८ मिनिटं पुढे पळतं. चार तास लाइट नसले तर सात मिनिटं, आणि ती परत करायला लाउफेनबुर्ग येत नाही.

उपाय अर्धवट आहे. सोलर इन्व्हर्टर हळूहळू उत्पादन कमी करणाऱ्या प्रकारचा असेल आणि दोन्ही यंत्रांत एकच ग्रिड-कोड (फ्रिक्वेन्सीच्या मर्यादांचा ठरलेला संच) निवडलेला असेल, तर फ्रिक्वेन्सी ५०.२ च्या जरा वर स्थिरावते. तिथे चूक तासाला १५ सेकंदांच्या आसपास. सोलर जुना, एकदम बंद होणारा असेल, तर बॅटरी त्याला बंद करण्यासाठी थेट वरच्या टोकाला उडी मारते, मग तो परत येतो, मग पुन्हा उडी. हे सेटिंग बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच बदलून घ्यावं. फ्रिक्वेन्सीची वरची मर्यादा नुसती खाली ओढली तर सोलर थांबणार नाही आणि बॅटरीवर जादा भरणा होईल.

दोलक

बघा. आणि डिझेल जनित्र तर विनाभार ५२ वर फिरतं, भार टाकला की ५० वर उतरतं. ५२ ला तासाला २.४ मिनिटं.

जोडणीवीर

हे सगळं १९१६ चं भांडण २०१६ नंतर करण्यात अर्थ नाही. यंत्रात वाय-फाय आहेच. एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ जुळवायची पद्धत) दिवसातून एकदा वेळ विचारली तरी चूक सेकंदाच्या आतच राहते, लाइट गेले तरी आल्यावर स्वतः लागतं, उन्हाळी वेळेचा तासही (काही देश उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात तो) आपोआप सरकतो.

कालभेद

तो 'आपोआप' २०१५ मध्ये तुर्कस्तानात चांगलाच अंगाशी आला होता. निवडणुकीसाठी सरकारने उन्हाळी वेळ दोन आठवडे लांबवली, २५ ऑक्टोबरऐवजी ८ नोव्हेंबर. बऱ्याच फोनांना ते कळलंच नाही. २५ ला सकाळी ते इमानदारीत एक तास मागे गेले आणि खरी वेळ किती हे लोक एकमेकांना विचारत फिरले. एनटीपी फक्त जागतिक वेळ देतं. स्थानिक वेळ यंत्राच्या आतल्या तक्त्यातून येते आणि तो तक्ता फर्मवेअर (यंत्रातला कायमचा प्रोग्रॅम) अपडेटसोबतच बदलतो. फोनला वर्षानुवर्षं अपडेट मिळतात. ओव्हनला किती मिळतात? भिंतीवरचं मुकं घड्याळ त्या दिवशी बरोबर होतं.

दुसरी गोष्ट, लाइट गेल्यावर स्वतः लागतं हेही नेहमी खरं नसतं. बॅकअप नसलेलं यंत्र १ जानेवारी १९७० ला जागं होतं. त्याने आधी एनटीपीला विचारलं तर ठीक. आधी कंपनीच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायला गेलं, तर सर्व्हरचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं दिसतं, म्हणून ते नाकारतं, आणि वेळही त्याच सर्व्हरकडून यायची असेल तर तिथेच अडकतं. जुन्या संगणकातला घड्याळ चालवणारा सीआर२०३२ बटणसेल संपल्यावर ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो, ते दुखणं हेच.

आणि घाऊक विचारणा करायची तर शिस्तही लागते. २००३ मध्ये नेटगिअरच्या काही राउटरांत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वेळ-सर्व्हरचा पत्ता थेट कोरलेला होता. उत्तर आलं नाही की दर सेकंदाला पुन्हा विचारायचं, असा प्रोग्रॅम. लाखो राउटरांनी मिळून त्या विद्यापीठाचं नेटवर्क जेरीस आणलं.

जोडणीवीर

एका देशातल्या दोन आठवड्यांवरून पद्धत मोडीत काढायची, तर सहा मिनिटांवरून मेन्सची आधी काढावी लागेल.

बिनकाटी

कुणीच विचारत नाही म्हणून विचारते: ओव्हनला वेळ हवीच कशाला? चार आकडे उजळत ठेवायला सतत एक वॅट धरा. वर्षाला ८.७६ युनिट. १२०० वॅट ओढणारा मायक्रोवेव्ह तेवढ्या विजेत सात तासांहून जास्त चालतो. कित्येक घरांत वर्षभरात घड्याळाने खाल्लेली वीज खाणं गरम करण्याला लागलेल्या विजेच्या आसपास जात असेल. वर लाइट येऊन-जाऊन झाले की आकडे लुकलुकतात आणि वेळ लावल्याशिवाय ओव्हन तापतच नाही. टायमर ठेवा, घड्याळ काढा.

तांबडीपट्टी

न तापण्यामागे कारण आहे. 'अमुक वाजता सुरू हो' ही सोय असलेल्या ओव्हनमध्ये घड्याळ आणि हीटरची परवानगी एकाच साखळीत असतात. वीज परत आल्यावर किती वेळ गेला हे त्याला माहीत नसतं, ठरवलेली वेळ उलटली की यायची आहे हेही नाही, म्हणून तो बंद राहणं पत्करतो. लोक यासाठी तंत्रज्ञाला बोलावतात आणि तो येऊन दोन बटणं दाबून जातो.

बहुतेक पॅनलांवर: आकडे लुकलुकत असताना घड्याळाचं बटण (किंवा + आणि − एकत्र) दोन-तीन सेकंद दाबा, वेळ लावा, पाच-सहा सेकंद हात लावू नका. तरीही तापत नसेल तर पडद्यावर 'ए' किंवा 'ऑटो' आहे का बघा. हाताच्या पंजाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की तो मॅन्युअलवर येतो. पंजा दिसतोय आणि तरी थंड, तर मग बिघाड शोधा.

छप्परपॅनल

आपलं घड्याळ कुठल्या जातीचं हे न उघडताही कळतं. फोनशी सेकंदापर्यंत जुळवा (मिनिटाचा आकडा बदलतो तो क्षण धरा) आणि दोन आठवडे रोज फरक लिहा. रोज तेवढाच, एकाच दिशेने: क्वार्ट्झ. कधी पुढे कधी मागे, पण फार लांब जात नाही: मेन्स, आणि तुमचं ग्रिड वेळ भरून देतं. तासाला बरोबर दहा मिनिटं मागे: ६० हर्ट्झसाठीचं यंत्र ५० वर लावलंय. तासाला बारा पुढे असेल तर त्याच्या उलट.

कालभेद

रेडिओवर लागणारी घड्याळं राहिली. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर मिनिटाला एक पूर्ण वेळ येते, आणि उन्हाळी वेळ तिथूनच सांगितली जाते, यंत्रातल्या तक्त्यावर भिस्त नाही. मात्र एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या गोंगाटात ती बुडते. खिडकीशी ठेवायचं, आतल्या फेराइट कांडीची (अँटेनाची) लांबी प्रक्षेपकाच्या दिशेशी काटकोनात करायची आणि रात्रभर सोडायचं. ओव्हनच्या पत्र्यात हे जमणं कठीण. शिवाय प्रक्षेपकही बंद पडतात. जपानचा ४० किलोहर्ट्झचा मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या निर्वासन क्षेत्रात सापडल्यामुळे बंद करावा लागला होता.

शून्यछेद

छप्परपॅनल यांचा मुद्दा मान्य, तिथे माझी पद्धत उघडी पडते. दुरुस्त मांडणी अशी: मोजायचं मेन्सच, पण मायक्रोकंट्रोलरला एक साधा क्वार्ट्झ पहारेकरी म्हणून द्यायचा. मेन्स ४९.८ ते ५०.२ च्या आत असेल तर मेन्सवर विश्वास, बाहेर गेलं की तेवढा वेळ क्वार्ट्झवर. बॅटरी, जनित्र, ६० हर्ट्झ, सगळं त्यात पकडलं जातं. पहारेकरी दहा लाखात १०० चुकला तरी चालतं, कारण चाळणीची भोकं दहा लाखात ४००० ची आहेत. लाइट गेल्यावर काही तास तग धरायला एक छोटा सुपरकॅपॅसिटर, की लुकलुकणंही गेलं.

दोलक

म्हणजे क्वार्ट्झ बसवायचाच, फक्त त्याचं ऐकायचं नाही! आणि २०१८ चं ४९.९९६ तुमच्या चाळणीतून अलगद सुटतं.

शून्यछेद

सुटू दे. ते परत येतं.

दोलक

येतं ना. ज्यांनी मार्चमध्ये वैतागून घड्याळ हाताने सहा मिनिटं पुढे केलं, त्यांचं एप्रिलमध्ये सहा मिनिटं पुढे गेलं. त्यांनी कुणाला विचारायचं होतं?