खाजनाचं मोल रुपयांत कसं विचारायचं?

तिसवाडीकर: एम.ए.च्या प्रकल्पासाठी गोव्यातल्या खाजनांचं, म्हणजे भरतीचं खारं पाणी बांधाने अडवून राखलेल्या सखल शेतजमिनींचं, मोल काढतेय. घरोघर विचारते: खाजनाचा बांध राखायला वर्षाला किती रुपये द्याल? एका आजींनी सुनावलं, "बांद आमचो, पयशे कित्याक?" (बांध आमचा, पैसे कशाला?) याची नोंद शून्य करू? माझं मन मानत नाही.

मांडवीकाठ: करू नकोस. लगेच "का नाही?" विचार. परवडत नाही म्हणणारा वेगळा आणि हक्काच्या वस्तूचे पैसे का द्यायचे म्हणणारा वेगळा. आजींचं शून्य हा निषेध आहे, तो वेगळा नोंदव. शिवाय "किती द्याल?" असं मोकळं विचारू नये. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझचं तेल सांडलं, त्यानंतर निसर्गाच्या नुकसानीचं मोल लोकांना असं विचारून ठरवता येईल का, हे तपासणाऱ्या अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो यांच्या समितीने १९९३ मध्ये सुचवलं की ठरावीक रक्कम सांगून मतदानासारखं हो-नाही विचारा, आणि हे पैसे घरखर्चातूनच जाणार याची आठवण द्या. आपल्याकडे मी रुपयांसोबत श्रमदानाचे दिवसही विचारेन. बांधावर चिखल चढवायला माणसं येतात, पावती फाडायला येत नाहीत.

मानशीवाला: तोंडी आकडा आणि खिशातला आकडा यांत फरक पडतोच. मानशीवरच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या, मासेमारीचा लिलाव होतो, ती रक्कम आधी बघ. ती खरोखर मोजलेली असते. मात्र त्यात भात नाही, पूर अडवणं नाही. तेवढ्यासाठी सर्वेक्षण हवंच.

तिसवाडीकर: देव बरें करूं. प्रश्नावली बदलते, आजींकडे पुन्हा जाते.