मार्कर उडाला, २६ जास्वंदी बिननावाच्या! टिकणारी लेबलं कोणती?

जास्वंदवेडी:
गेल्या वर्षी जास्वंदीच्या वेगवेगळ्या रंगांच्या २६ फांद्या लावल्या, एका कुंडीत एक. प्रत्येकीत पांढरी प्लॅस्टिकची पट्टी खोचली आणि काळ्या मार्करने वरून खाली नाव लिहिलं. मार्करवर ठळक अक्षरांत ‘परमनंट’ छापलेलं. आठ महिन्यांत सगळ्या पट्ट्या कोऱ्या करकरीत! झाडं छान आहेत, पण फुलल्याशिवाय कोण कोणती ते कळायला मार्ग नाही, पानं मेली सगळ्यांची सारखीच.

पट्ट्या उपसून पाहिल्या तर एक गंमत दिसली. नावाची शेवटची एक-दोन अक्षरं मातीत गेली होती, ती अजून काळी कुळकुळीत आहेत. एका पट्टीवर नुसतं ‘री’ उरलंय. आता ही ‘पिवळी दुहेरी’ की ‘केशरी’? दोन्हींच्या शेवटी ‘री’च.

पाण्याने शाई जाते म्हणावं तर मातीतली का नाही गेली? रोज पाणी तर तिथेच मुरतं. आणि आता नवी लेबलं कशाची करू? छापून घ्यायची तयारी आहे, पण ती तरी टिकतात का?

बोथट_पेन्सिल:
तुमच्या ‘री’नेच उत्तर दिलंय की. चोर पाणी नाही, ऊन आहे. ‘परमनंट’चा अर्थ एवढाच की पाण्याने धुतलं जात नाही. अशा बहुतेक मार्करांत रंगद्रव्य स्पिरिटसारख्या द्रावकात विरघळवलेलं असतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते मोडतं. मातीत ऊन पोचलं नाही, अक्षरं वाचली.

साधी शिसपेन्सिल वापरा. हसू नका! पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. ऊन त्याचा रंग उडवू शकत नाही. फक्त गुळगुळीत पट्टीवर पेन्सिल उठत नाही, घसरते. आधी बारीक पॉलिश पेपर दोन-चार वेळा फिरवा, पट्टीची चकाकी गेली की २बी पेन्सिलीने दाबून लिहा. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीच्या पट्ट्या आहेत. शेवाळ चढलं की ओल्या बोटाने हलकेच पुसायचं, खाली नाव जसंच्या तसं. खोडरबराने मात्र जातं, तेव्हा घरात लहान मूल असेल तर जपा.

आणि एक जोडपट्टी करा. तेच नाव दुसऱ्या पट्टीवर लिहून ती कुंडीच्या कडेला पूर्ण आत गाडून टाका. वरची कावळ्याने उपटून नेली तरी खालची साक्षीदार असते.

पत्रेवाला:
पेन्सिलीला विरोध नाही, पण पट्टीचं काय? पातळ प्लॅस्टिक दोन-तीन वर्षं ऊन खाल्लं की ठिसूळ होतं. उचलायला जावं तर मातीलगत कट्‌कन मोडतं, नाव हातात आणि बूड कुंडीत. आइस्क्रीमच्या काड्यांचं तर बोलूच नका, मातीत टेकलेला भाग त्याच वर्षी कुजतो.

मी ॲल्युमिनियमवर आहे. थंड पेयाच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कात्रीने कापता येतो. वरचं आणि खालचं बूड काढून टाकायचं, मधला पत्रा उलगडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या करायच्या. पट्टी वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवायची आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून लिहायचं. खाली मऊ काही नसेल तर नुसता ओरखडा उठतो. घडी असली की पेनाचं टोक पत्र्यात रुततं आणि अक्षर मागच्या बाजूने फुगून वर येतं. बोटाने चाचपून वाचता येईल इतकं! यात शाईच नाही, मग उडणार काय? कडा ब्लेडसारख्या असतात, त्या आत दुमडून टाका. मी पहिल्याच दिवशी अंगठा कापून घेतला होता.

दोन चुका माझ्याकडून झाल्या, त्या तुम्ही करू नका. लेबलं दिसायला छान म्हणून तांब्याच्या तारेने बांधली. ओल्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. भोकाच्या कडेला पांढरी भुकटी दिसायला लागली, भोक मोठं होत गेलं आणि एक दिवस लेबल खाली. ॲल्युमिनियमचीच तार घ्या. दुसरी चूक जास्त महाग पडली. तार खोडाला घट्ट आवळली आणि विसरलो. खोड जाड झालं, तार सालीत रुतली आणि वरची फांदी वाळली. तेव्हापासून तार सैल, मनगटातल्या बांगडीसारखी, तीही बाजूच्या फांदीला किंवा कुंडीच्या काठाला. मुख्य खोडाला कधीच नाही.

टेप_चिकटवणारी:
छापायचंच असेल तर मशीनच्या टेपमध्ये फरक असतो तो पाहा. बिलाच्या कागदासारखा, उष्णतेने काळा होणारा कागद बागेत चालत नाही, उन्हात तापून अख्खा करडा होतो. छपाईवर पारदर्शक थर असलेली लॅमिनेटेड टेप घ्या. माझी तीन वर्षं वाचता येतेय. तिचं दुखणं वेगळंच, कोपरे सुटतात. चिकटवण्याआधी पट्टी स्पिरिटने पुसा आणि टेपचे कोपरे गोल कापा.

वहीत_नोंद:
लेबलावर नाव लिहूच नका, आकडा लिहा. १ ते २६. बाकी सगळं वहीत: फांदी कधी लावली, कोणाकडून आणली, फूल कसं. वनस्पती उद्यानांतही प्रत्येक झाडाला नोंदणी क्रमांक असतो तो याचसाठी. ‘पिवळी दुहेरी’ पत्र्यावर कोरण्यापेक्षा ‘१४’ कोरणं सोपं.

पत्रेवाला:
आणि वही हरवली की २६ आकडे आणि शून्य माहिती.

वहीत_नोंद:
म्हणून वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवतो. पण बरोबर आहे, आकडा आणि छोटं नाव दोन्ही लिहा.

जास्वंदवेडी:
सगळ्यांचे आभार. आज दुपारी बसले. पत्र्याच्या १२ पट्ट्या झाल्या, मग हात भरून आला, उरलेल्या पॉलिश पेपर आणि पेन्सिलीवर. प्रत्येक कुंडीत आकड्याची एक जोडपट्टी गाडली. नावं सध्या फक्त नऊ जणींची, ज्यांची अक्षरं मातीत वाचली त्यांची. बाकीच्यांच्या पट्टीवर आकड्यापुढे जागा मोकळी ठेवलीय, फूल आलं की लिहीन.

‘री’ला १७ नंबर दिलाय. तिला एक कळी धरलीय, टोक अजून हिरवंच आहे.